गुपित कोणाचं, करार कोणाचा?

आज एका छोट्याशा उत्तरापासून सुरुवात करतो. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांनी त्यांच्या नगरपालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवण्याचं कंत्राट दिलेलं होतं. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. एका फेरीचा दर काय, रोजच्या फेऱ्या किती ठरल्या आहेत, आणि फेरी चुकली तर दंड किती? उत्तर एका ओळीचं आलं: ही त्रयस्थ पक्षाची वाणिज्यिक गोपनीय माहिती आहे, सबब देता येत नाही.

इकडे त्यांच्या गल्लीत टँकर दोन दिवसाआड येत होता. तो रोज यायला हवा होता की करारातच दोन दिवसाआड होता, हे करार पाहिल्याशिवाय कळणार कसं? तक्रार तरी कशाची करायची?

या एका ओळीची आज चिकित्सा करायची आहे. अधिकाऱ्याच्या हेतूवर मी शंका घेत नाही. आपण कायदाच पाळतोय असं त्याला बहुधा मनापासून वाटलं असेल. म्हणून आधी कायदाच बघू.

२००५च्या अधिनियमात ‘माहिती’ या शब्दाची व्याख्या आहे आणि तिच्यात ‘करार’ हा शब्द नाव घेऊन आलेला आहे. अपवाद आहे तो कलम ८(१)(घ)मध्ये. त्या अपवादाला तीन पायऱ्या आहेत. एक, मागितलेली माहिती खरोखर वाणिज्यिक गोपनीयता, व्यापारी गुपित किंवा बौद्धिक संपदा यांत मोडते का? दोन, ती उघड केल्याने त्रयस्थाच्या स्पर्धेतल्या स्थानाला हानी पोचेल का? तीन, हानी पोचत असली तरी व्यापक लोकहितासाठी ती देणं सक्षम प्राधिकाऱ्याला योग्य वाटतं का? आमच्या गृहस्थांना आलेलं उत्तर पहिल्या पायरीवरच थांबलं, आणि तिथेही नुसतं विधान केलं, कारण दिलं नाही. तर्कशास्त्रात आपण याला साध्य गृहीत धरणं म्हणतो. शिवाय नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५)ने अधिकाऱ्यावर टाकला आहे, अर्जदारावर नाही. एखादा भाग खरोखरच गुप्त असेल, तर तेवढा झाकून बाकीचं द्यावं, ही सोय कलम १०मध्ये आहे.

काही जण म्हणतात, करारातच गोपनीयतेचं कलम घातलेलं आहे, मग आम्ही काय करणार? अहो, ते कलम घातलं कोणी? तुम्हीच दोघांनी. दोघांनी आपसात ठरवून तिसऱ्याचा हक्क काढून घ्यायचा, असा करार कुठल्या नीतीत बसतो? आणि कलम २२ तर सांगतंच की विसंगती असेल तिथे हाच अधिनियम वरचढ राहील.

आता माझा मूळ मुद्दा. गुपित एकाचं असतं, करार दोघांचा असतो. लोणच्याच्या कारखानदाराचा मसाला हे त्याचं गुपित, कबूल. औषध कंपनीची प्रक्रिया, संगणकप्रणालीचा गाभा, हेही कबूल. यांना संरक्षण हवंच, नाहीतर चांगले पुरवठादार सरकारी कामाकडे फिरकणार नाहीत. पण दर? दर काही पुरवठादाराने कानात सांगितलेली गोष्ट नव्हे. तो दोन पक्षांनी मिळून ठरवलेला आहे आणि त्यातला एक पक्ष आपल्या वतीने तिथे बसला होता. टँकरच्या फेऱ्यांची संख्या हे तर कंत्राटदाराने आपल्याला दिलेलं वचन आहे. ज्याला वचन दिलं, त्याच्यापासूनच ते लपवायचं?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. दर उघड झाले तर प्रतिस्पर्धी पुढच्या वेळी कमी दर भरतील. निविदा उघडण्यापूर्वी ही भीती रास्त आहे, तेव्हा गुप्तता हवीच. पण आर्थिक लिफाफे हजर बोलीदारांसमोर उघडून दर वाचून दाखवायची पद्धत जुनी आहे. म्हणजे ज्याच्यापासून हानी व्हायची तो प्रतिस्पर्धी समोरच बसलेला असतो. माहीत नसतं ते फक्त पाणी भरणाऱ्याला. आणि पुढच्या वेळी कोणी कमी दर भरलाच, तर निविदा काढतात कशासाठी?

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. दाभोळच्या वीजखरेदीचा करार डिसेंबर १९९३मध्ये राज्य वीज मंडळाशी झाला, तोही स्पर्धात्मक निविदा न मागवता. आणि तो लोकांपासून गोपनीय ठेवला गेला. किंमत डॉलरशी बांधलेली होती आणि वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यावा लागणार होता. २००१मध्ये मंडळाने ती वीज घेणं थांबवलं. केवळ गुप्ततेमुळे प्रकल्प फसला असं मी म्हणत नाही, कारणं अनेक होती. पण कलमं सही होण्याआधी चार जाणत्यांच्या डोळ्यांखालून गेली असती, तर जे प्रश्न नंतर विचारले गेले ते वेळेवर विचारले गेले असते.

कांटने १७९५च्या शाश्वत शांततेवरच्या निबंधात एक साधी कसोटी दिली आहे. इतरांच्या हक्कांना स्पर्श करणारी कृती ज्या तत्त्वावर चालते, ते तत्त्व जाहीर करता येत नसेल तर ती कृती अन्याय्य समजावी. नगरपालिकेने चौकात फलक लावून बघावं: ‘तुमच्या पैशांनी पाणी विकत घेतलं आहे, किती घेतलं ते सांगणार नाही.’ लावता येईल हा फलक?

शेवटी त्या अर्जाचं काय झालं ते सांगतो. गृहस्थांनी प्रथम अपील केलं आणि करार मिळाला. रोज एक फेरी ठरलेली होती, चुकलेल्या प्रत्येक फेरीला दंडही होता. पण प्रत हातात पडली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. टँकर बंद झाले होते आणि बिल चुकतं झालं होतं. आता ते पुढच्या उन्हाळ्याचा करार मागणार आहेत, आणि या वेळी अर्ज फेब्रुवारीतच करणार आहेत.