'अमूर्त' ही संज्ञा आणि गायतोंडे यांची चित्रे

मराठी कलासमीक्षेत 'अमूर्त' ही संज्ञा आता इतकी रुळली आहे की, ती योजणारास तिच्या अर्थाकडे वळून पाहण्याची गरज क्वचितच भासते. परंतु ज्या चित्रकाराच्या संदर्भात ती वारंवार योजिली जाते, त्या वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांना तिचा इंग्रजी प्रतिशब्द मान्य नव्हता. आपली चित्रे 'वस्तुनिरपेक्ष' आहेत, असे त्यांचे म्हणणे असे. हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. चित्रापुढे उभे राहिल्यावर काय शोधावयाचे व काय शोधावयाचे नाही, याचा निर्णय या भेदावर अवलंबून आहे.

इंग्रजी संज्ञेच्या मुळाशी लॅटिनमधील 'ओढून वेगळे काढणे' हा अर्थ आहे. वेगळे काढावयाचे म्हणजे आधी वस्तू हवी. सैयद हैदर रझा यांच्या बाबतीत ही कल्पना बव्हंशी लागू पडते. निसर्गदृश्यापासून निघून ते बिंदूपर्यंत पोहोचले आणि 'सौराष्ट्र' (१९८३) यासारख्या शीर्षकांनी त्यांनी प्रेक्षकास त्या वाटेची खूणही दिली. स्मृतीतील भूमी तेथे रंगांत उतरलेली आहे. गायतोंडे यांनी मात्र आपल्या प्रगल्भ काळातील बहुतेक चित्रांना नावच दिले नाही. नाव हे निर्देशाचे साधन. जेथे निर्देश करावयाचा नाही तेथे नावाचे प्रयोजन उरत नाही.

नागपुरात जन्मलेले गायतोंडे १९४८ साली मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले. आरंभीच्या त्यांच्या चित्रांत मानवाकृती आहेत. लघुचित्रांचा व पॉल क्ले याचा संस्कारही दिसतो. पुढे आकृती विरत गेल्या. साठीच्या दशकातील काही आडव्या चित्रांत क्षितिजासारखी रेघ व पाण्यासारखा विस्तार जाणवतो आणि येथेच समीक्षकाचा पाय घसरतो. ठाण्याहून कल्याणकडे नित्य जाणाऱ्या रसिकाचे उदाहरण घ्यावे. मुंब्रा ते डोंबिवली या टप्प्यात लोहमार्गाच्या जवळ येणारी उल्हासची खाडी, तिवरांची काळसर रेघ आणि पावसाळ्यात पाणी व आकाश यांची पुसली जाणारी सीमा त्याच्या डोळ्यांत मुरलेली असते. अशा चित्रापुढे येताच 'ही खाडीच' असे त्यास वाटणे स्वाभाविक होय. परंतु 'खाडी' हा शब्द जसा खाडीचा निर्देश करतो, तसा तो रंगविस्तार करीत नाही. प्रेक्षकाच्या स्मृतीने पुरविलेला अर्थ चित्राच्या पदरी बांधणे हा प्रमाद आहे.

मग स्मृतीला येथे स्थानच नाही काय? असा आक्षेप संभवतो आणि तो बिनतोड नसला तरी विचारार्ह आहे. भाषेत शब्दांचा निर्देश बाजूस सारला तरी त्यांची मांडणी, आघात व विराम शिल्लक राहतात; अर्थ न कळणाऱ्या भाषेतही प्रश्न कोणता आणि विधान कोणते, हे पुष्कळदा ऐकणारास उमगते. खाडीने त्या रसिकास जे शिकविले ते खाडीचे रूप एवढेच नव्हे, तर मंद उजेडात खोली कशी जाणावी, हेही होय. ही सवय तो चित्रापाशी आणू शकतो; खाडी मात्र त्याने बाहेर ठेवावी.

गायतोंडे यांची कार्यपद्धती या भूमिकेस पोषक आहे. पॅलेट नाइफ व रूळ यांनी रंगाचे थर चढवावयाचे, काही खरवडून काढावयाचे, कागदाच्या तुकड्यांनी रंग उचलावयाचा आणि दोन कृतींच्या मधे दीर्घ काळ पाहत राहावयाचे. चित्रे मोजकीच होत. झेन विचाराचे त्यांना आकर्षण होते. त्या दृष्टीने हे पाहणे चित्रनिर्मितीचाच भाग ठरते. पुढे त्यांनी उभा कॅनव्हास पसंत केला. त्यामुळे क्षितिजाची सूचना क्षीण झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता मराठी संज्ञेकडे वळावे. 'मूर्त' हे रूप 'मूर्छ्' या धातूपासून आले असून त्याचा मूळ अर्थ घट्ट झालेले, थिजलेले असा आहे. तेव्हा 'अमूर्त' म्हणजे अद्याप न थिजलेले. येथे वस्तूपासून काही ओढून काढण्याची कल्पनाच नाही. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषाशास्त्राचे प्राथमिक सूत्र विसरता येत नाही. शब्दाचा अर्थ रूढी ठरविते आणि आजची रूढी इंग्रजीच्या छायेत घडली आहे. तथापि रूढी समीक्षकच घडवितात व तेच ती बदलू शकतात.

१९७१ साली पद्मश्री लाभलेल्या या चित्रकाराच्या कृतींचे विस्तृत प्रदर्शन २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात भरले. त्यानंतर त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले गेले. मराठीने त्यांत इंग्रजी विवेचनाचा अनुवाद तेवढा करावा, हे उचित नव्हे. 'अमूर्त' हा शब्द टाकण्याचे कारण नाही. तो त्याच्या धात्वर्थाच्या जवळ नेऊन वापरला, तर चित्रकाराचा आक्षेप निरस्त होतो आणि प्रेक्षकास चित्रात दडलेली वस्तू हुडकण्याच्या श्रमातून मुक्तता मिळते.