बाल न्याय मंडळासमोरील विद्यार्थी-सहाय्य आणि पर्यवेक्षणाचा प्रश्न : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

कायद्याच्या शिक्षणाला सामाजिक बांधिलकीची जोड असावी, हा विचार भारतात नवा नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार प्रत्येक बालक मोफत विधी सेवेस पात्र आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनी विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक अभ्यासक्रम व आंतरवासिता सक्तीची केली. पुढे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०११ च्या विनियमांनी विधी महाविद्यालयांतील सेवाकेंद्रांना चौकट दिली. या तीनही तरतुदींचा हेतू स्तुत्य आहे. परंतु विधिसंघर्षग्रस्त बालकाच्या प्रकरणात विद्यार्थी काम करतो, तेव्हा त्याच्या कामाची जबाबदारी नेमकी कोणाची, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांत सापडत नाही. प्रस्तुत लेखात याच उणिवेची चिकित्सा केली आहे.

पार्श्वभूमी

मुंबईत बालकांसाठी स्वतंत्र न्यायव्यवस्थेची परंपरा जुनी आहे. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमानंतर १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली. डोंगरीचे निरीक्षणगृह आणि मानखुर्दचे बालगृह ही या व्यवस्थेची परिचित ठिकाणे होत. मुलुंडच्या पालकांना मानखुर्दला जायचे तर कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. बोरिवलीहून डोंगरी गाठणे म्हणजे शहराचे दुसरे टोक गाठणे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला प्रत्येक तारखेस एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. अशा वेळी अंधेरी, घाटकोपर या उपनगरांत राहणारा विधी शाखेचा विद्यार्थी त्या कुटुंबाच्या दारापर्यंत पोहोचू शकतो, ही त्याची खरी उपयुक्तता आहे.

प्रतिनिधित्वाची मर्यादा

अमेरिकेत गॉल्ट खटल्यातील १९६७ च्या निर्णयाने बालकाचा वकिलाचा हक्क मान्य झाला. १९६९ मध्ये तेथील बार असोसिएशनने विद्यार्थ्यांच्या न्यायालयीन कामाचा नमुना नियम तयार केला. त्यानुसार पर्यवेक्षक वकिलाच्या देखरेखीखाली विद्यार्थी प्रत्यक्ष बाजू मांडू शकतो. भारतात अधिवक्ता अधिनियम, १९६१ ची कलमे २९ व ३३ वकिलीचा अधिकार केवळ नोंदणीकृत अधिवक्त्यांना देतात. कलम ३२ नुसार एखाद्या विशिष्ट प्रकरणापुरती परवानगी मिळू शकते, पण तो अपवाद होय. म्हणून आपल्याकडे विद्यार्थी ‘प्रतिनिधित्व’ करतो असे म्हणणे यथार्थ नाही. तो सहाय्य करतो. शब्दांतील हा फरक लहान वाटला, तरी पालकांचा गैरसमज टाळण्यासाठी तो पहिल्याच भेटीत स्पष्ट होणे आवश्यक आहे.

पर्यवेक्षणातील फट

खरी अडचण पर्यवेक्षकाची आहे. पूर्णवेळ विधी अध्यापकाला वकिली करता येत नाही. उलट १९७९ च्या नियमांनुसार वकिली करणाऱ्या अधिवक्त्याला दिवसाकाठी तीन तासांपर्यंतच अध्यापन करता येते. परिणामी जो विद्यार्थ्याला शिकवतो तो मंडळासमोर उभा राहू शकत नाही, आणि जो उभा राहतो त्या पॅनेलवरील वकिलावर विद्यार्थ्याला घडवण्याची जबाबदारी नसते. विद्यार्थ्याची चूक झाल्यास ती दोघांच्याही नजरेतून सुटण्याची शक्यता राहते.

दुसरी उणीव काळाची. २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे आंतरवासिता अपेक्षित आहे. मात्र कोणत्याही वर्षी ती सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १४ नुसार मंडळासमोरील चौकशीची मुदत मात्र चार महिने असून ती आणखी दोन महिने वाढू शकते. म्हणजे ज्या विद्यार्थ्यावर बालकाचा विश्वास बसला, तो प्रकरण अर्ध्यावर असतानाच निघून जातो. प्रौढांनी वारंवार सोडून दिलेल्या बालकाच्या वाट्याला आणखी एक निरोप येतो.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम १३२ अशील व अधिवक्ता यांच्यातील संवादाला संरक्षण देते आणि ते दुभाषी, कारकून व कर्मचाऱ्यांनाही लागू करते. त्यात विद्यार्थ्याचा उल्लेख नाही. बालकाने मोकळेपणाने घटनेविषयी काही सांगितले, तर त्या कथनाचे संरक्षण संदिग्ध राहते. विद्यार्थ्याची सहृदयताच येथे बालकाला अपायकारक ठरू शकते.

एक उदाहरण

वयनिश्चितीचे काम विद्यार्थ्याला सोपवण्याजोगे वाटते. घाटकोपरच्या एखाद्या मुलाचे वय अठराच्या उंबरठ्यावर असेल, तर बाल न्याय मंडळ की प्रौढांचे न्यायालय, हे कागदावरून ठरते. कलम ९४ प्रथम शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, त्यानंतर महानगरपालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसल्यासच वैद्यकीय चाचणी, असा क्रम सांगते. सर्वोच्च न्यायालयाने युवाप्रकाश प्रकरणात २०२३ मध्ये शाळेचे स्थानांतर प्रमाणपत्र या यादीत मोडत नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे केवळ शाळा सोडल्याचा दाखला आणून काम भागले, असे मानणारा विद्यार्थी कष्टाळू असूनही अशिलाचे नुकसान करू शकतो. ही जाण त्याला देणे, हेच पर्यवेक्षण होय. हजेरीपत्रकावरील स्वाक्षरी नव्हे.

समारोप

वरील विवेचनावरून विद्यार्थ्यांना या कामापासून दूर ठेवावे, असा निष्कर्ष निघत नाही. कुटुंबाची भेट, कागदपत्रांची जुळवाजुळव, तारखांचे स्मरण आणि जामिनाच्या अर्जासाठी घरची वस्तुस्थिती मांडणे, ही कामे ते उत्तम करू शकतात. मात्र प्रत्येक प्रकरणात एका अधिवक्त्याचे नाव जबाबदार म्हणून लेखी नोंदलेले असावे. घटनेविषयीचे बोलणे त्याच्याच उपस्थितीत व्हावे. विद्यार्थी बदलताना नव्या विद्यार्थ्याची बालकाशी प्रत्यक्ष ओळख करून दिली जावी. आणि मूल्यमापन आठवड्यांवर न करता प्रकरण कोठवर नेले यावर व्हावे. विद्यार्थ्याला शिकण्यासाठी चुकण्याची मुभा असते. त्या चुकीची किंमत मात्र बालकाने मोजावी, हे कोणत्याही शिक्षणपद्धतीत समर्थनीय ठरत नाही.