‘आम्ही’ आणि ‘आपण’ : रोलंड यांच्या सिद्धान्ताची एक भाषिक मर्यादा

उपचारक एका वंशाचा व रुग्ण दुसऱ्या वंशाचा असला, म्हणजे रुग्णाचे मन कोणत्या मापाने मोजावयाचे, हा प्रश्न भारतात नवा नाही. रांची येथील युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांनी १९२१ मध्ये समग्र हिंदू समाजाचा स्वभाव फ्रॉइडच्या एकाच सूत्रात बसविला. त्या लेखनात शास्त्र किती आणि राज्यकर्त्याचा तोरा किती, हे वेगळे सांगावयास नको.

त्या मानाने न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक ॲलन रोलंड यांचा १९८८ चा ग्रंथ पुष्कळच विनम्र आहे. मुंबईत व अन्यत्र भारतीय रुग्णांवर उपचार करताना पाश्चात्त्य ‘मी’ येथे अपुरा पडतो, असे त्यांना आढळले. कुटुंबाशी एकजीव झालेल्या ‘आम्ही-स्व’ची कल्पना त्यातूनच निघाली. परंतु ही संज्ञा इंग्रजीत घडली आहे, आणि इंग्रजीत या अर्थाचे सर्वनाम एकच. मराठीतील ‘आम्ही’ श्रोत्यास वगळते, ‘आपण’ त्यास सामावून घेते. ‘आमच्यात असं चालत नाही’ म्हणणारी सून उपचारकास उंबऱ्याबाहेर ठेवते. तीच काही महिन्यांनी ‘आपल्यात’ म्हणू लागली, तर उपचारसंबंध पालटला आहे. रोलंड यांचे रुग्ण बहुतांशी इंग्रजी जाणणारे नागर सुशिक्षित. त्यामुळे हा भेद त्यांच्या कानापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पुसला जाणार, हे उघड आहे.

उपचारक स्वदेशी असल्याने ही अडचण संपते, असे मात्र नाही. भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावाहून कोणी ठाण्याच्या, १९०१ साली स्थापन झालेल्या मनोरुग्णालयात आला, तर समोरचा डॉक्टर बहुधा मराठीच असेल. पण त्याचे शास्त्र इंग्रजी आणि त्याची मराठी पुस्तकी. ‘मला राग येतो’ व ‘तिच्या अंगात येतं’ या दोन्ही वाक्यांची घडण सारखी आहे : येणारे ते बाहेरून येते, माणूस केवळ त्याचे स्थान. टिपणात पहिल्याचे ‘रुग्ण रागावतो’ झाले, की रुग्णाने न घेतलेले कर्तेपण त्याच्या माथी बसते. दुसऱ्याचे तर थेट रोगनाम होते.

अर्थात व्याकरणावरून मनाची रचना सिद्ध होत नाही. तोच रुग्ण ‘मी रागावलो’ असेही म्हणतो. कोणासमोर आणि कोणत्या प्रसंगाविषयी बोलताना तो एक रूप सोडून दुसरे घेतो, हे त्याचे बोलणे त्याच्याच बोलीत, जसेच्या तसे उतरवून घेतल्यावाचून कळणार नाही.