वाट, माग आणि नीळ : विल्यम मॉरिसच्या वस्त्रनक्षीतील निसर्ग

वस्त्रावरील वेलबुट्टीचा निसर्गाशी कोणत्या प्रकारचा संबंध असतो, हा प्रश्न वरकरणी वाटतो तितका सोपा नाही. कापडावर पाने, फुले आणि पक्षी दिसले, म्हणजे त्याचा कर्ता निसर्गाचा उपासक होता असे म्हणण्याची प्रथा आहे. आणि तो कर्ता रानावनांतून पायी हिंडणारा असेल, तर त्याच्या भ्रमंतीचा व त्याच्या नक्षीचा कार्यकारणसंबंध सिद्धच झाला असे समजले जाते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कवी, कारागीर व समाजवादी विचारवंत विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) याच्याविषयी तर हे समीकरण फारच रूढ झाले आहे. तो नदीकाठी फिरला, त्याने पाने पाहिली आणि ती कापडावर उतरविली, एवढ्यावर त्याच्या नक्षीचा विचार संपतो. या समीकरणात तथ्य किती आणि सोयीस्कर गैरसमज किती, याची तपासणी येथे करावयाची आहे.

मॉरिसच्या उमेदवारीच्या काळात हा प्रश्न इंग्लंडात मोठ्या वादाचा विषय झाला होता. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात इंग्रजी गिरण्यांचे व कारखान्यांचे गालिचे आणि पडदे मांडले गेले, तेव्हा त्यांवर छायाप्रकाशासह रंगविलेली हुबेहूब गुलाबफुले जाणत्यांना खटकली. ज्यावरून पाय टाकून चालायचे, त्या गालिच्यावर उठावदार फुले असणे त्यांना विसंगत वाटले. त्याच प्रदर्शनातील भारतीय कापडांची सपाट, संयमित नक्षी मात्र त्यांना आदर्श वाटली. ओवेन जोन्स याने १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या अलंकरणविषयक ग्रंथात हा निष्कर्ष नियमाच्या स्वरूपात मांडला : अलंकरणात निसर्गाची नक्कल करू नये, निसर्गरूपाला नियमबद्ध संकेताचे रूप द्यावे. याच्या नेमकी उलट भूमिका जॉन रस्किनने घेतली. १८५८ मधील एका व्याख्यानात त्याने भारतीय कलेवर असा आरोप केला की, ती निसर्गातील प्रत्यक्ष वस्तूचे चित्रण करीतच नाही, आणि निसर्गाकडे पाठ फिरविणाऱ्या कलेबरोबर समाजाचाही नैतिक ऱ्हास होतो. १८५७ च्या उठावानंतर अवघ्या काही महिन्यांत उच्चारलेल्या या मतामागे राजकीय क्षोभ होता, हे उघड आहे. तथापि त्यातील कलाविषयक प्रश्न खरा आहे. संकेतबद्ध नक्षी निसर्गापासून दूर जाते काय? आणि जवळ जाणे म्हणजे हुबेहूब काढणे काय? मॉरिसवर या दोन्ही विचारसरणींचा संस्कार होता. रस्किनला तो गुरुस्थानी मानी, आणि जोन्सने गौरविलेल्या पौर्वात्य वस्त्रांचा तो आजन्म अभ्यासक राहिला.

मॉरिसच्या भटकंतीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्याचे बालपण एपिंगच्या अरण्यालगत गेले. मार्लबरो येथील शाळेत असताना सॅव्हरनेकचे वन आणि एव्हबरीचे प्राचीन शिलावर्तुळ ही त्याची हिंडण्याची ठिकाणे होती. आणि १८७१ पासून टेम्स नदीच्या वरच्या अंगाला असलेले केल्मस्कॉट येथील जुने घर त्याच्या जीवनाचे मर्मस्थान झाले. या भ्रमंतीचा नक्षीशी अगदी निकटचा संबंध दाखविणारे उदाहरण म्हणजे १८८७ मधील वाळुंजीच्या फांद्यांची नक्षी. ती प्रथम भिंतीवर लावावयाच्या कागदासाठी काढली असली, तरी कापड व कागद या दोहोंतही एकच आकृती पुनःपुन्हा जुळवीत न्यावयाची असल्यामुळे प्रश्न तोच राहतो. केल्मस्कॉटजवळच्या ओढ्याकाठी चालताना वाळुंजीच्या पानांचे बारकावे आणि त्यांच्या आकारांतील विविधता वडिलांनी दाखविली व त्यानंतर लवकरच ही नक्षी तयार झाली, अशी आठवण त्याची कन्या मे मॉरिस हिने नोंदवून ठेवली आहे.

परंतु ही आठवण नक्षीसमोर ठेवून पाहिली, म्हणजे तिच्यातून सहसा काढले जाते त्यापेक्षा वेगळेच अनुमान निघते. वाळुंजीची आकृती मॉरिसला १८८७ मध्ये प्रथम सुचली असे नाही. १८७४ मध्येच त्याने वाळुंजीच्या पानांची एक नक्षी केली होती. तीत पाने बारीक, एकसारखी व काहीशी ठरीव आहेत. तेरा वर्षांनंतरच्या नक्षीत पान रुंदावले आहे, देठाशी त्याचा सांधा स्पष्ट झाला आहे, आणि एका फांदीवरची पाने वेगवेगळ्या दिशांना वळली आहेत. म्हणजे फेरफटक्याने मॉरिसला विषय पुरविला नाही. जो विषय हातात होता, त्याची दुरुस्ती केली. त्याचबरोबर या दुसऱ्या नक्षीत काय वगळले आहे तेही पाहण्यासारखे आहे. ओढा नाही, पाणी नाही, आकाश नाही, वारा नाही. खोली सुचविणारी छाया जवळजवळ नाही. राहिली आहे ती केवळ फांदीची वाढ. १८८१ च्या डिसेंबरात नक्षीरचनेवर दिलेल्या व्याख्यानात मॉरिसने हाच आग्रह धरला होता. नक्षीतील रेषा कोठून तरी उगवली आहे आणि कोठे तरी चालली आहे असे पाहणाऱ्यास पटले पाहिजे, आणि नक्षीने स्वतःपलीकडील कशाचे तरी स्मरण करून दिले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. वनस्पतीचे बाह्य रूप आणि तिच्या वाढीचा नियम यांत येथे भेद केला आहे. जोन्सचा संकेत आणि रस्किनचा निसर्ग यांमधील भांडण मॉरिसने या भेदाच्या आधारे सोडविले असे म्हणता येईल.

याहून अवघड प्रकरण नद्यांच्या नावांच्या छापील कापडांचे आहे. १८८३ पासून पुढील काही वर्षांत मॉरिसने काढलेल्या नक्ष्यांना टेम्सला मिळणाऱ्या नद्यांची नावे दिली : इव्हनलोड, केनेट, विंडरश, वे, वँडल, क्रे, मेडवे. ही नावे नकाशावर लावून पाहिली, तर त्यांतील कित्येकांत मॉरिसचे चरित्र सापडते. केनेट मार्लबरोजवळून वाहते, जेथे तो शाळेत होता. क्रेचे खोरे त्याच्या विवाहानंतरच्या ‘रेड हाउस’ या घरापासून दूर नाही. इव्हनलोड व विंडरश या केल्मस्कॉटच्या परिसरातील नद्या होत. आणि १८८१ मध्ये त्याने मर्टन ॲबी येथे जो कारखाना घेतला, तो वँडलच्या काठी होता. शिवाय या कापडांवरील मुख्य देठ तिरप्या, नागमोडी ओघाने वर चढतात. तेव्हा नदीकाठच्या भ्रमंतीतून नदीचे वळण आणि त्या वळणातून ही नक्षी, असा अन्वयार्थ मोहक वाटल्यास नवल नाही.

या अन्वयार्थाला पीटर फ्लड या संशोधकाने १८५९ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे १९५९ मध्ये, धक्का दिला. मॉरिसच्या नक्ष्यांचा कालानुक्रम लावताना त्याने असे दाखविले की, तिरप्या देठाची ही रचना १८८३ मध्ये एकाएकी अवतरते. आणि त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात सतराव्या शतकातील इटालियन मखमलीचा एक तुकडा दाखल झाला होता, ज्यावर तशीच तिरपी रचना आहे. मॉरिस या संग्रहालयाचा नित्याचा अभ्यागत होता. फ्लडचा पुरावा ग्राह्य मानलाच पाहिजे. प्रश्न आहे तो त्याच्या अर्थाचा. नक्षी संग्रहालयातून आली म्हणून नदीची नावे केवळ शोभेची ठरतात काय?

तसे मानणे घाईचे होईल. मखमलीने मॉरिसला एक सांगाडा दिला. परंतु संग्रहालयातील शेकडो तुकड्यांपैकी नेमका हाच सांगाडा त्याच्या नजरेत का भरला, याचे उत्तर मखमलीत मिळत नाही. आधीच्या त्याच्या पुष्कळ नक्ष्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस समतोल बसणाऱ्या होत्या. ज्याच्या डोळ्यांत वर्षानुवर्षे वाहते पाणी होते, त्याला समतोल मोडून पुढे सरकणारी रेषा हवीशी वाटली, हे अनुमान फ्लडच्या पुराव्याशी विसंगत नाही. मात्र ते अनुमानच आहे, याचे भान सुटू नये. निश्चित म्हणता येते ते इतकेच की, पाहिलेल्या निसर्गाला नक्षीचे व्याकरण जुन्या कापडांनी पुरविले. व्याकरणाशिवाय केवळ निरीक्षणाची नक्षी होत नाही, हे १८५१ च्या गुलाबांनी सिद्ध केलेच होते.

आतापर्यंतचा विचार आकृतीपुरता झाला. वस्त्रात निसर्ग आणखी एका मार्गाने येतो, आणि तो मार्ग रंगाचा आहे. १८७५ पासून मॉरिसने लीक येथील रंगारी व कारखानदार टॉमस वॉर्डल याच्या कारखान्यात वनस्पतिजन्य रंगांचे प्रयोग केले. रासायनिक रंगांचा झगमगाट त्याला असह्य होता. मंजिष्ठेचा तांबडा, वेल्ड या रानटी झुडपाचा पिवळा, अक्रोडाचा तपकिरी आणि निळीचा निळा या रंगांसाठी त्याने जुने वनस्पतिकोश धुंडाळले आणि स्वतःचे हात कोपरापर्यंत निळे करून घेतले. मर्टन ॲबीची निवड करताना वँडलच्या पाण्याचा रंगकामाला उपयोग होईल, हाही विचार होता. एरवी काठावरून पाहावयाची नदी येथे कापड धुण्याच्या कामी आली.

१८८३ मधील ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे छापील सुती कापड या दृष्टीने अभ्यसनीय आहे. केल्मस्कॉटच्या बागेत कस्तुर पक्षी जाळ्याखालून शिरून फळे पळवीत, हा त्याचा विषय. नक्षीत जाळे नाही व माळीही नाही. एक जोडी चोचीत फळ धरून, तर दुसरी गात असलेली, अशा समोरासमोर बसविलेल्या पक्ष्यांच्या जोड्या आहेत. प्रत्यक्षातील चोरी येथे उत्सवासारखी झाली आहे. परंतु या कापडाची खरी अपूर्वाई त्याच्या कृतीत आहे. प्रथम सगळे कापड निळीत बुडवावयाचे. मग ठशांनी त्यावर निळा उडविणारे द्रव्य छापून कोठे पूर्ण पांढरे, कोठे फिके निळे असे भाग मोकळे करावयाचे. आणि त्या भागांत तांबडा व पिवळा भरावयाचा. पिवळा फिक्या निळ्यावर पडला की पानांचा हिरवा मिळतो. अर्थात पाने कापडावर काढलेली नसून अंधारातून उघडी केलेली आहेत. रात्र सरून बाग दिसू लागावी, तसा हा क्रम आहे. नक्षीची संथ, गाढ खोली चित्रकलेच्या छायेतून आलेली नाही. ती या प्रक्रियेतून आली आहे. १८७९ च्या हाताने विणलेल्या ‘अकँथस अँड व्हाइन’ या पटाबाबतही असेच म्हणता येते. त्यातील पानांचा अवाढव्य फुगारा रानात दिसत नाही. तो मागावर पाचशेहून अधिक तास बसून आडव्या धाग्यांनी वळण घडविताना आलेला आहे.

या दुसऱ्या मार्गाचा पुढील विकास एथेल मेरे हिच्या कार्यात दिसतो. श्रीलंकेतील हस्तव्यवसायांचा आनंद कुमारस्वामी याच्यासमवेत अभ्यास करून ती इंग्लंडात परतली, रंगारीण व विणकर झाली, आणि १९१६ मध्ये वनस्पतिजन्य रंगांवरील तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले. झाडांच्या साली, मुळ्या, कुंपणावरची झुडपे, खडकांवरची दगडफुले हे तिचे रंगद्रव्य. मॉरिसच्या कापडावरील पान तिच्या विणकामात जवळजवळ नाहीसे झाले. परंतु रानवाट शिल्लक राहिली, कारण सूतच त्या वाटेवरच्या रंगाचे झाले. आकृती मुळीच नसलेले कापडही निसर्गाशी एकनिष्ठ असू शकते, हे रस्किनच्या आरोपाला मिळालेले अनपेक्षित उत्तर होय. यातील धोकाही नमूद केला पाहिजे. दगडफूल अतिशय सावकाश वाढते. प्रत्येक फिरस्त्याने ते खरवडून नेले, तर खडक उघडे पडावयास वेळ लागणार नाही.

मॉरिसच्या निसर्गनिष्ठेची मर्यादा मात्र याहून गंभीर आहे. केल्मस्कॉटच्या स्ट्रॉबेरीमागची गडद निळी पार्श्वभूमी इंग्लंडच्या शिवारात उगवलेली नव्हती. ब्रिटनमध्ये येणाऱ्या निळीचा मोठा भाग त्या काळी बंगाल-बिहारमधून येई, आणि १८५९-६० मध्ये बंगालच्या शेतकऱ्यांनी निळीच्या सक्तीविरुद्ध उठाव केला होता. पायी चालणाऱ्याला जे शिवार दिसते त्यापलीकडे ही जमीन होती. भारतीय हस्तव्यवसाय इंग्रजी व्यापारामुळे नष्ट होत आहेत, हे मॉरिसने १८७९ च्या व्याख्यानात कळकळीने सांगितले. तरी रंगाच्या कुंडातील या दूरच्या शिवाराचा त्याच्या नक्षीत मागमूस नाही. तसेच डेव्हनमधील ज्या तांब्याच्या व सोमलाच्या खाणीतून त्याच्या कुटुंबाची संपत्ती आली, तिचा तो १८७५ पर्यंत संचालक होता; आणि त्याच्या आरंभीच्या एका भित्तिपत्राच्या हिरव्या रंगात सोमल असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक परीक्षणात आढळले. पानांचा हिरवेपणा विषाने साधला होता, या वस्तुस्थितीला टीकेने बगल देऊ नये. त्यामुळे त्याची कला खोटी ठरत नाही. परंतु भ्रमंतीतून लाभणारा निसर्ग हा नजरेच्या टप्प्यातला निसर्ग असतो आणि वस्त्राचा निसर्ग त्याहून फार विस्तृत असतो, हे स्पष्ट होते.

याच कसोटीवर येवल्याची व पैठणची पैठणी तपासून पाहण्याजोगी आहे. तिच्या काठावरील आसावली आणि पदरावरील बांगडीमोर रस्किनच्या दृष्टीने निसर्गच्युत ठरले असते. परंतु पैठणीत प्रत्येक रंगाचा आडवा धागा त्या त्या आकृतीपुरता फिरवून शेजारच्या धाग्यात अडकविला जातो. म्हणून मोराच्या मानेचे वळण पायरीपायरीने येते. ती पायरी अज्ञानाची खूण नाही. धाग्याने मोराला घातलेली ती अट आहे. मॉरिसने मागावर बसून जे शिकले, ते येथील विणकराच्या हाताला परंपरेने ठाऊक होते. फरक इतकाच की, मॉरिसला मोडलेली परंपरा संग्रहालयातून व वनस्पतिकोशांतून पुन्हा जोडावी लागली, आणि त्या जोडणीत पायी भ्रमंतीला गुरूचे स्थान मिळाले.

तात्पर्य, वस्त्रकलेत भ्रमंतीचे कार्य नक्षीला विषय पुरविण्याचे नसून नजर शुद्ध करण्याचे आहे. त्या नजरेला आकार देण्याचे काम माग, ठसा आणि रंगाचे कुंड यांच्याकडे राहते, आणि त्यांच्या अटी जेथे मानल्या जातात तेथेच पान कापडावर जगते. त्या कुंडातील रंग कोणाच्या शेतातून आला, हे विचारणे हाही निसर्गनिरीक्षणाचाच भाग आहे. मॉरिसच्या नक्षीची यापुढील समीक्षा त्या प्रश्नाला टाळून पूर्ण होऊ शकणार नाही.