एम्युलेटरविषयक परिचयपर लेखन : एक विवेचन

जुन्या यंत्रांवरील खेळ आजच्या संगणकावर चालविण्यासाठी त्या यंत्रांचे वर्तन हुबेहूब वठविणाऱ्या प्रणालीस एम्युलेटर म्हणतात. नवागतांसाठी या विषयावर झालेले लेखन विपुल आहे; परंतु त्यातील बरेचसे कृती सांगते, कारण सांगत नाही. अमुक फाइल अमुक ठिकाणी ठेवावी, अमुक कळ दाबावी, एवढ्यावर ते थांबते. कृती साधली तर हे पुरेसे वाटते. ती फसताच वाचक निराधार होतो. अशा लेखनाचे मूल्यमापन म्हणूनच या दुसऱ्या प्रसंगावरून करावयास हवे.

'रॉम' ही संज्ञा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. मुळात रॉम म्हणजे ज्यातील मजकूर केवळ वाचता येतो अशी चिप. पुढे त्या चिपमधून उतरवून घेतलेल्या फाइलीलाही तेच नाव पडले. हा अर्थविस्तार न सांगताच संज्ञा वापरली गेल्याने रॉम म्हणजेच संपूर्ण खेळ, असा समज रूढ होतो. तो अपुरा आहे. निन्टेंडोच्या १९८३ मधील फॅमिकॉम यंत्राच्या अनेक कार्ट्रिजांत, खेळाच्या मजकुराचे विभाग आळीपाळीने यंत्रापुढे आणणारी स्वतंत्र जोडणी असे. या खेळांसाठी रूढ झालेल्या 'आयनेस' पद्धतीच्या फाइलीत आरंभीच्या १६ बाइटांमध्ये त्या जोडणीचा प्रकार नोंदविलेला असतो. ही नोंद चुकली तर मजकूर निर्दोष असूनही खेळ चालेलच असे नाही; आणि हे ठाऊक नसलेला वाचक दोष एम्युलेटरला देतो.

निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या 'मेम' या प्रणालीची पुस्तिका याबाबत लक्षणीय आहे. यंत्ररचनेची नोंद जतन करणे हे मेमचे उद्दिष्ट. खेळ चालणे हा त्या नोंदीच्या अचूकतेचा पडताळा, अशी तिची भूमिका आहे. खेळण्यासाठी आलेल्या नवागताला ती चमत्कारिक वाटेल. परंतु त्याच्या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर तीतच आहे. चिपांच्या अधिक अचूक प्रती हाती आल्या की मेमची यादी सुधारली जाते; परिणामी काल चालणारा रॉमसंच नव्या आवृत्तीत अपुरा ठरू शकतो. पुस्तिका हा त्रास मान्य करते आणि त्याची कारणमीमांसाही देते, हे तिचे श्रेय होय. उणीव एवढीच, की उद्दिष्ट एका प्रकरणात व अडचण दुसऱ्यात येते. त्यांचा संबंध जुळविण्याचे काम बव्हंशी वाचकावर पडते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००० साली असा निर्णय दिला की, प्लेस्टेशनचे एम्युलेटर घडविताना त्या यंत्राच्या अंगभूत प्रणालीच्या, म्हणजे बायोसच्या, अभ्यासासाठी केलेल्या प्रती न्याय्य वापरात मोडतात. त्यामुळे खेळांच्या प्रती मात्र सर्वांना मोकळ्या झाल्या नाहीत. एम्युलेटर आणि खेळाची प्रत यांत भेद न करणारे लेखन वाचकाला एक तर अकारण भिवविते, किंवा बेफिकीर करते.

नवागताला सुबोध लेखन हवे असते, हे खरे. पण संज्ञा टाळल्याने सुबोधता येत नाही. यंत्र, त्याचे वर्तन वठविणारी प्रणाली आणि खेळाची प्रत यांतील भेद आधी सांगून मग कृतीकडे वळणारी पुस्तिका दोन-चार परिच्छेदांनी लांबेल. परंतु तिचा वाचक अडला असता दोष कोठे शोधावा हे त्याला कळेल.