तीन हजार वर्षांनंतरची माफी

'हायलँडर' ही मालिका १९९२ ते १९९८ अशी सहा सीझन चालली, एकूण ११९ भाग. ती संपली तेव्हा मी पाळण्यात असेन. पण तिचे चाहते ज्या प्रश्नावर आजही हमरीतुमरीवर येतात, तो अजिबात जुना झालेला नाही. मेथॉसला जिवंत सोडायला हवं होतं का?

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या जगात काही माणसं अमर आहेत. मुंडकं उडालं तरच ती मरतात. ती एकमेकांशी तलवारीनं लढतात, हरलेल्याचं बळ जिंकणाऱ्याला मिळतं, आणि शेवटी एकच उरणार. नायक डंकन मॅक्लाउड १५९२ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, तत्त्वाला जागणारा. त्याचा मित्र मेथॉस किमान पाच हजार वर्षांचा. मिश्कील, बिअर पीत पाय पसरून बसणारा, स्वतःच्या जिवाला जपणारा. पीटर विंगफील्डनं तो इतका लोभस केलाय की तो आपलाही मित्र होऊन बसतो.

पाचव्या सीझनमधले 'कम्स अ हॉर्समन' आणि 'रेव्हेलेशन ६:८' हे जोडभाग याच मैत्रीवर घाव घालतात. कसँड्रा नावाची अमर स्त्री येते आणि मेथॉसला ओळखते. तीन हजार वर्षांपूर्वी चार घोडेस्वारांच्या टोळीनं तिची माणसं कापून काढली होती. त्यातल्या एकानं तिला गुलाम केलं. तो मेथॉस. डंकन त्याला जाब विचारतो, तेव्हा मेथॉस कबूल करतो. सूडासाठी नाही, लोभापायी नाही, आवडत होतं म्हणून मारलं, असं तो सांगतो.

इथे चाहत्यांच्या दोन फळ्या होतात. एक म्हणते, तीन हजार वर्षांत माणूस बदलला. ज्यानं ते केलं तो आता उरलेलाच नाही. दुसरी म्हणते, कबुली म्हणजे पश्चात्ताप नव्हे. कसँड्राला तीन हजार वर्षांत काही विसरता आलं नाही, मग त्याला बदलल्याचं श्रेय कसलं? मधेच कुणीतरी सुचवतं की डंकननं दूर जावं म्हणून मेथॉस मुद्दाम वाढवून बोलतोय. ही शक्यता मला मोलाची वाटते, कारण विंगफील्डचा आवाज दोन्हीला वाव ठेवतो.

मला खटकतं ते वेगळंच. मालिकेत अमरांच्या नोंदी ठेवणारी 'वॉचर्स' ही गुप्त संघटना आहे. मेथॉस तिच्यात अ‍ॅडम पिअर्सन या नावानं घुसलेला, आणि त्याच्याकडे संशोधनाचा विषय कोणता? मेथॉस! मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ज्याच्या कामाची तपासणी व्हायची, त्याच्याच हातात लॉग बदलायचे अधिकार द्यायचे नाहीत, हे आमच्याकडे नवख्यालाही कळतं. इथे आरोपीच दप्तर सांभाळतो. म्हणून त्याच्या गुन्ह्याची खरी नोंद एकाच जागी उरते, कसँड्राच्या आठवणीत. आणि शेवट नेमका तिलाच बाजूला सारतो.

बोर्दोमध्ये डंकन टोळीप्रमुख क्रोनॉसला मारतो, मेथॉस आपल्या जुन्या साथीदाराला, सायलसला. मेथॉस गुडघ्यांवर कोसळून रडतोय, कसँड्राच्या हातात कुऱ्हाड आहे. तेवढ्यात डंकन तिला सांगतो की मेथॉस जगावा अशी त्याची इच्छा आहे. ती कुऱ्हाड टाकते आणि निघून जाते.

तीन हजार वर्षं म्हटलं की आपल्याला अश्वत्थामा आठवतो. रात्री झोपलेल्यांची कत्तल त्यानंही केली होती, आणि महाभारतात कृष्णानं त्याला तेवढीच वर्षं एकट्यानं भटकण्याचा शाप दिला. तिथे दीर्घायुष्य हीच शिक्षा, रक्तपूवाच्या दुर्गंधीसकट. मेथॉसला तेच आयुष्य सूट म्हणून मिळतं. पण त्याहून मोठा फरक भागवतात आहे. अश्वत्थाम्याला बांधून आणल्यावर त्याला सोडा असं द्रौपदी म्हणते, जिची मुलं मारली गेली ती. मी रडतेय तशी त्याची आई रडू नये, हे तिचं कारण. ते कारण पटो न पटो, तिचं स्वतःचं आहे.

कसँड्राला मालिका असं एकही वाक्य देत नाही. ती माफ करत नाही, फक्त डंकनचा शब्द राखते. लेखकांची बाजू घ्यायची तर म्हणता येईल की त्यांनी खोटा समेट दाखवला नाही, आणि ते खरंच धाडसाचं आहे. पण डंकनला मित्र परत हवा होता आणि प्रेक्षकांना लाडकं पात्र. त्याची किंमत तिच्याकडून वसूल झाली.

म्हणून 'मेथॉस बदलला का' हा वाद मला दुय्यम वाटतो. बदलला असेलही. पण त्याला सोडायचं की नाही, हे ठरवणं डंकनचं काम नव्हतं, आणि आपलंही नाही. या भागानंतर मेथॉस मालिकेत पुन्हा पुन्हा येतो, बिअर पितो, आपल्याला हसवतो. कसँड्रा परत कधीच येत नाही.