मोगँबोला काय हवे होते?

शेखर कपूर यांच्या १९८७ सालच्या ‘मिस्टर इंडिया’तील मोगँबोला हिंदुस्थान जिंकायचा आहे, कशासाठी, ते चित्रपट सांगत नाही. अमरीश पुरींनी नुसत्या आवाजावर ही उणीव झाकून नेली, हे मान्य. पण मला खरा वाटतो तो धान्यात खडे मिसळणारा वाणी. त्याचा हेतू आमच्या नंदुरबारच्या बाजारात पोरालाही कळेल. याच गावात १९४२ साली शाळकरी शिरीषकुमार पोलिसांच्या गोळीला बळी पडला. गोळी झाडणारे पगारी शिपाई होते, जरतारी पोशाखातले राक्षस नव्हेत! जुलमाचे हे साधे रूप सलीम-जावेदांच्या पटकथेत वाण्यापाशीच थांबते. बॉम्बस्फोटात चिमुकली टीना मरते, त्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, “गुरुजी, तिला मारून त्याला काय मिळालं?” मला सांगता आले नाही.